ती घार नव्हती, युसूफ

युसूफ, तेरवा विमान आलं नाही.

हे आधीच सांगून टाकतो, कारण अख्ख्या गोंडपिपरीला वाटतंय की मी आता काहीतरी भन्नाट सोडणार. तुला माती देऊन कबरस्तानाच्या फाटकातून बाहेर पडत नाही तोच पानठेल्यावरून आवाज आला, "काय दिवाकरभाऊ, युसूफभाईच्या मातीले विमान आलं म्हणते?" म्हणजे बघ! मी तोंड उघडायच्या आत माझी थाप गावभर हिंडून माझ्याच पायाशी परत आली होती. मला नुसती मान हलवायची होती. संध्याकाळपर्यंत त्या विमानातून फुलं पडली असती, आणि बाजारात पोचेपर्यंत पायलटनं खाली वाकून तुझ्या कबरीवर स्वतःच्या हातानं मूठभर माती टाकली असती.

पण नाही आलं. सगळे खाली बघत होते आणि मी एकटा मान वर करून उभा. कोणीतरी कोपरानं ढोसलंसुद्धा. शेवटी मी मनातल्या मनात आपला मंत्र ओरडलो, "रोल संपला रे!" काही नाही. जन्मभर तुला हुलकावण्या दिल्या, निदान त्या दिवशी तरी थोडी लाज बाळगायची. त्या विमानाला मी माफ केलेलं नाही, आणि मेलास म्हणून तुलाही करणार नाही. आपलं भांडण अर्धं राहिलंय. ते आज पुरं करतो. तुला उत्तर देता येत नाही ही तुझी अडचण, माझी नव्हे.

लोक आता तुला 'बिचारा' म्हणायला लागलेत. "बिचारा युसूफभाई, जिंदगीभर आभाळाचे फोटो काढत राह्यला." मी त्यांना म्हणालो, बिचारे तुम्ही. तुमच्या लग्नात तुमची मान पोपटासारखी ताठ झाली होती, ती यानं हनुवटी धरून सरळ केली, म्हणून तुमची पोरं आज अल्बम बघून तुम्हाला बाप मानतात. तुझा तो बसस्टँडसमोरचा स्टुडिओ, मागं काश्मीरचा पडदा, पुढं प्लास्टिकची फुलदाणी. तिच्याजवळ उभं राहून ज्यानं फोटो काढला नाही त्यानं आपल्या तालुक्यात लग्नच केलेलं नाही, असं मी छातीठोक सांगतो. आणि प्रत्येकाला तुझं तेच. "रेडी... हनुवटी खाली... फार हासू नका, लगन हाय... श्वास रोखा... अन् ओके!"

हे 'रेडी' आणि हे 'ओके', यांच्यामध्ये जेवढा वेळ जायचा तेवढ्यात विमान सिरोंचा ओलांडून आंध्रात जेवायला बसलेलं असायचं.

नव्वदच्या दशकात ती विमानं येऊ लागली तेव्हा कोणालाच काही माहीत नव्हतं. फौजेची होती एवढं खरं. कुठून यायची, कुठं जायची, का जायची, कोणी सांगत नव्हतं आणि विचारायचं कोणाला? वैनगंगेच्या अंगानं, मोहाच्या शेंड्यांना कंगवा केल्यासारखी यायची, आमच्या तलावावरून गेली की पाण्यावर काटा उभा राहायचा. महिना महिना पत्ता नसायचा. मग एका दुपारी, तुम्ही तोंडात घास घेतलेला असताना, डोक्यावरून लोखंडी वादळ गेल्यासारखं, आणि मान वर करेपर्यंत फक्त आवाज उरलेला. गावात ज्याचा त्याचा हिशोब. कोणी म्हणे बाजाराच्या दिवशी येते. कोणी म्हणे ढगाळ असलं की येते. मी सांगायचो, मासोळी तळली की येते, वासानं. एकदा तर इतकं खाली आलं की पायलटच्या मिशीचा पीळ मला मोजता आला, डावीकडे जरा सैल होता. त्यानं खूण करून काडीपेटी मागितली, मी द्यायला हात वर केला, पण तो घाईत होता. ही गोष्ट मी तुला पहिल्यांदा सांगितली तेव्हा तू कॅमेऱ्याची काच पुसत होतास. मान वर न करता म्हणालास, "थापाड्या, खरं असन तं फोटोत बी येईन."

तिथून सुरू झालं. माझी थाप तुझ्या कॅमेऱ्यात पकडायला तू निघालास, आणि त्यातून तुला ते वेड लागलं. म्हणजे तुझ्या वेडाचा बाप मी आहे. हे श्रेय मी कोणाला देणार नाही.

पण तू कुठला वेडा! वेडा माणूस रोल वाया घालवतो. तू तर लग्नाच्या रोलाच्या शेपटाला जे एक-दोन फोटो उरतात, तेवढेच विमानासाठी ठेवायचास. लग्न उरकलं, वऱ्हाड गेलं की कॅमेरा गळ्यात अडकवून सायकलीनं आमच्या तलावावर. मी डोंगा बांधून जाळं झटकत असायचो, तू तलावाच्या बांधावर, आमच्या भाषेत पाळीवर, छत्री रोवून बसायचास. काही आलं नाही तर दिवस मावळताना तू रिकाम्या आभाळावरच बटण दाबायचास आणि रोल चंद्रपूरच्या लॅबला पाठवायचास. त्यामुळे झालंय काय, की आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक लग्नाच्या निगेटिव्हच्या शेवटी एक आभाळ आहे. मांडव, हळद, हार, जेवणावळ, रडणारी माय, आणि मग आभाळ. लोक कॉपी काढायला यायचे आणि विचारायचे, "युसूफभाई, हे शेवटचं कायचं?" तू न हसता सांगायचास, "तुमच्या लग्नाचं आभाळ हाय. याचे पैसे घेत नसतो."

आपल्याला एक गोष्ट मात्र पक्की कळली होती, की रोल संपला की विमान येतं. नेमकं तेव्हाच. रोल बदलायला झाकण उघडलं, की आलं. भाकर सोडली, की आलं. तू झुडपामागं गेलास, की दोन आली. म्हणून आपण विमानाला फसवायला निघालो. रोल भरलेला असताना तू पाळीवर उभा राहून दोन्ही हात तोंडाशी धरून बोंबलायचास, "रोल संपला रे!" मग आपण दोघं झोपल्याचं सोंग घ्यायचो. मी तर घोरायचोसुद्धा. एकदा खरोखर झोप लागली आणि खरोखर विमान आलं. जागे झालो तेव्हा पाणी हलत होतं आणि तू मला शिव्या देत होतास, "इतकं खरं कायले घोरतं बे?"

मी म्हणायचो, जाऊ दे ना युसूफ, हे काही आपल्या हातातलं नाही. त्यावर तुझं ठरलेलं उत्तर होतं, "ते त्याच्या मर्जीनं येते. आपून आपल्या मर्जीनं बसतो. कोणी कोणाचा नोकर नाई." हे वाक्य मी पुढं अनेकांना माझं म्हणून ऐकवलं आहे. वापरून चांगलं मऊ झालंय.

आता माझ्या लग्नाचं.

मे महिना, आमच्या दारात जांभळीच्या फांद्यांचा मांडव. मुहूर्ताच्या अर्धा तास आधी तू येऊन जाहीर केलंस, "आत अंधार हाय. बाहीर पाळीवर उभे राहा, उजेड चांगला पडते." माझा मामा भडकला. भटजी भडकले. पण फोटोवाल्याचं कोण टाळतं? पाट उचलले, अंतरपाट उचलला, सगळं वऱ्हाड तलावाच्या पाळीवर. तू उजेडासाठी आम्हाला बाहेर काढलंस की आभाळासाठी, हे मी इतक्या वर्षांत कधी विचारलं नाही. दहादा ओठावर आलं. आता विचारतो. सांग.

अंतरपाट सरला. सुमननं हार वर उचलला, माझ्या गळ्यापासून वीतभर लांब. तू समोर गुडघ्यावर. "रेडी..." तुझं सुरू झालं. "हनुवटी खाली..." आणि तेवढ्यात ते आलं.

मी आजवर या विमानाबद्दल जे जे सांगितलं त्यातलं निम्मं कापून टाका, तरी हे उरतं. ते आमच्या डोक्यावरून गेलं. भटजींचं 'सावधान' अर्ध्यात राहिलं. बैल दावं तोडून पळाला. लोकांच्या मुठीत अक्षता होत्या, त्या दचकून त्यांनी वर भिरकावल्या, त्यामुळे त्या दिवशी निम्म्या अक्षता माझ्यावर आणि निम्म्या विमानावर पडल्या, आणि कायद्यानं पाहिलं तर आमचं दोघांचंही लग्न सुमनशी लागलेलं आहे. आणि तू! तुझ्या आयुष्यात तू एकदाच 'ओके' म्हणाला नाहीस. गुडघ्यावरून तसाच मागं कललास, कॅमेरा आमच्यावरून वर गेला, आणि खट्.

हार गळ्यात पडला तेव्हा तू उताणा पडलेला होतास.

"मिळालं," तू म्हणालास.

"युसूफभाऊ, हाराचा फोटो?" सुमननं विचारलं. नवी नवरी, सगळ्या वऱ्हाडासमोर. तिचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

तू कॅमेऱ्याकडं बघितलंस, मग तिच्याकडं. "वहिनी, रोल संपला."

आठवड्यानं चंद्रपूरच्या बसनं पाकीट आलं. विमान होतं. म्हणजे तुला आणि मला होतं. कॅमेऱ्याचा वेग फ्लॅशसाठी मंद ठेवलेला, बदलायला वेळ कुठं होता? त्यामुळे विमान ताणलं गेलं होतं: दोन पसरलेले काळपट पंख, मध्ये जाडसर अंग, मागं काहीतरी. खालच्या कोपऱ्यात एक नारिंगी ढब्बा. लॅबवाला म्हणाला, इथं रोलला उजेड लागलाय, मोठा करताना तेवढा भाग कापून टाकू. तू त्याच्यावर असा ओरडलास, की तो बिचारा पुढं तुझ्या पाकिटाला हात लावायलाही घाबरायचा. "कापाचा नाई! जसा हाय तसा पायजे!" मला वाटलं, कलाकार लोकांचे नखरे.

तू तो मोठा करून, चौकटीत घालून, दुकानाच्या काचेत लावलास. नवरा-नवरींच्या मधोमध. आणि मला दर आठवड्याला म्हणायचास, "वहिनीले एकदा दुकानात पाठव."

सुमन म्हणायची, "माह्या हाराच्या जागी काय आलं ते पाहाले जाऊ? नाई जात." ती हट्टी आहे हे तुला माहीत होतं. पण तूही दर आठवड्याला सांगायचास.

मग बोलावणं आलं. कुठल्या ठाण्यातून, ते लिहीत नाही. साहेब वाईट नव्हते, बदलून आले तसे बदलून गेले. दिवस मात्र वाईट होते. गडचिरोलीकडं रोज काही ना काही घडत होतं, कोण कुठला, कोणाच्या पिशवीत काय, हे बघायची सगळ्यांनाच सवय लागली होती. आणि तुझ्या काचेत फौजेचं विमान. तू मला सोबत घेतलंस, कारण लग्न माझं होतं. साक्षीदार म्हणून तालुक्यातला सगळ्यात मोठा थापाड्या घेऊन ठाण्यात जाणारा माणूस तू एकटाच.

साहेबांनी तुझं नाव कागदावर वाचलं. मग पुन्हा वाचलं. माझं नाव त्यांनी विचारलं आणि विसरले.

"हे काय आहे?" त्यांनी चौकट टेबलावर ठेवली.

"विमान, साहेब."

"कोणाचं?"

"सरकारचं."

"सरकारी लढाऊ विमानाचा फोटो काढायला परवानगी घेतली होती?"

"साहेब, मी पाळीवर उभा होतो. ते माह्या डोक्यावरून गेलं. त्यानं घेतली होती का?"

मी तुझ्या पायावर पाय दिला. दारात जमादार उभे होते, आपल्याच भागातले, म्हातारे, मिशा पांढऱ्या. त्यांना दया आली असावी. वाकून चौकटीत बघत म्हणाले, "साहेब, मले तं पक्षी दिसून राह्यला."

साहेबांनीही पुन्हा बघितलं, आणि मी सांगतो, त्यांचा चेहरा सैल झाला. त्यांनाही घरी जायचं होतं. म्हणाले, "पक्षी असेल तर प्रश्नच नाही. पक्षी आहे का हा?"

सगळं सुटलं होतं, युसूफ. तुला फक्त गप्प बसायचं होतं. पण तू खुर्ची पुढं ओढलीस, बोट ठेवलंस, आणि तालुक्यात कोणी स्वतःच्या अटकेसाठी इतकी मेहनत घेतली नसेल तेवढी घेतलीस. "पक्षी? साहेब, नीट पाहा. हे पंख. हे अंग. अन् हे शेपूट पाहा, सरळ उभं हाय. पक्ष्याचं शेपूट उभं राह्यते काय? जमादारसाहेब, तुम्ही बी पाहा, शेपूट दिसते की नाई?"

जमादारांनी छताकडं बघितलं.

साहेबांचा हात पुन्हा तुझ्या नावाच्या कागदाकडं गेला. आणि तेव्हा मी बोललो.

"घार हाय, साहेब," मी म्हणालो. "माह्याच लग्नातली. आम्ही ढिवर लोक, लग्नात मासोळी शिजते. वासानं दरवेळी येते. त्या दिवशी एक अख्खी मरळ घेऊन गेली, पाहा, अंग कसं जाड दिसून राह्यलं, ते पोटात मरळ हाय. अन् हा माणूस फोटो काढाले गेला अन् उताणा पडला. लाजेखातर विमान म्हणते. गावात विचारा, फोटोवाले सगळे असेच फेकतात."

साहेब हसले. जमादार तर इतके हसले की बाकावर बसले. चौकट तुझ्या हातात देत साहेब म्हणाले, "घारीचा फोटो चांगला आलाय. पण काचेत लावू नका."

आपण बाहेर आलो. तू माझ्या सायकलीवर बसला नाहीस. चौकट काखेत मारून चालत राहिलास, मी सायकल हातात धरून मागं मागं. नाक्याजवळ थांबलास आणि माझ्याकडं न बघता म्हणालास, "तू माह्यं विमान पाडलं."

"मंग काय तुले आत बसू देऊ?"

"तू तं जिंदगीभर थापा मारून राह्यला, कोणी तुले आत नाई टाकलं. मी एक खरं बोललो." मग तू वळलास. "माह्या नावाच्या माणसानं विमानाचा फोटो काढला, तं विमानाची घार व्हा लागते काय, दिवाकर? हे सांग मले."

 तुला उत्तर माहीत होतं, मलाही माहीत होतं, आणि म्हणूनच मी घार म्हणालो होतो. आज लिहून देतो: पुन्हा ती वेळ आली तर मी पुन्हा म्हणेन. घार म्हणेन, कोंबडी म्हणेन, उडणारा रेडा म्हणेन. एका फोटोसाठी तुला त्या खोलीत सोडून घरी जायचं नव्हतं मला. तू म्हणशील तुझी मान खाली गेली. गेली असेल. पण ती घरी आली.

आणि तू म्हणशील, ती मान माझी होती, थापाड्या, तिचं काय करायचं ते मला विचारायला हवं होतं. हो. हेही बरोबर आहे. म्हणून तर भांडण अर्धं राहिलं. दोन्ही बाजू खऱ्या असल्या की भांडण कसं मिटायचं?

बातमी मात्र मिटली नाही. जमादारांनी हसत हसत कुठं तरी सांगितलं, आणि तुझं विमान तालुकाभर 'युसूफभाईची घार' झालं. पोरं काचेवर टकटक करून विचारायची, "चाचा, घार अंडे देते का?" आमच्या घरात सुमननं एका वाक्यात निकाल लावला, "माह्या गळ्यातला हार गेला. त्याच्या जागी विमान आलं, ते बी गेलं. राह्यली घार."

तू चौकट डार्करूममध्ये नेऊन टांगलीस, लाल दिव्याखाली. पासपोर्टचे फोटो धुताना तू आणि ते विमान, दोघंच त्या लाल उजेडात. पावसाळाभर तू तलावावर आला नाहीस. मी डोंगा बांधून पाळीकडं बघायचो, छत्री नसायची. थापा मारायला माणूस नाही म्हणून मी माशांना मारायचो. त्या वर्षी मासोळी कमी लागली ती त्यामुळेच. मग दिवाळीनंतर एका दुपारी मागून आवाज आला, पार त्या टोकाकडून, घसा फाटेस्तोवर, "रोल संपला रे!" वळून बघितलं तर तू, छत्री, गळ्यात कॅमेरा. मी जाळं टाकून आडवा झालो आणि घोरायला लागलो. त्या प्रकरणावर आपण पुन्हा कधी बोललो नाही. बरं केलं की वाईट, मला अजून ठरवता येत नाही.

नंतर विमानं कमी झाली, हेलिकॉप्टरं वाढली. पूर्वेकडं, जंगलाच्या दिशेनं, हळूहळू जायची. मी म्हणालो, "युसूफ, हे तं उभ्या उभ्या फोटो काढून देते. काढ ना." तू कॅमेऱ्याला झाकण लावलंस. "त्यात कोण झोपून चाललाय तुले माहीत हाय काय? कोणाचं पोरगं असन." हेलिकॉप्टर दिसेनासं होईपर्यंत तू झाकणावरचा हात काढला नाहीस. त्या दिवशी मी एकही थाप मारली नाही. तारीख लिहून ठेवायला हवी होती.

तर आता काल आणि आज काय झालं ते सांगतो, आणि मग थांबतो.

तिसऱ्या दिवशीच्या फातिहाला सुमन माझ्यासोबत आली. आपणहून.  फातिहा झाल्यावर तुझ्या बायकोला, भाभीला, म्हणाली, "ते दाखवा मले." भाभी समजल्या. दुकान उघडलं, काश्मीरचा पडदा बाजूला सारला, डार्करूमचं दार लोटलं, लाल दिवा लावला. विमान होतं तिथंच होतं. सुमननं जवळ जाऊन बघितलं. मग म्हणाली, "या उजेडात काही समजत नाई." तिनं चौकट खिळ्यावरून काढली आणि सरळ दुकानाच्या पायरीवर, उन्हात घेऊन आली.

तिनं विमानाकडं बघितलंच नाही. पदरानं खालचा कोपरा पुसला. तिथं तो नारिंगी ढब्बा होता, लॅबवाल्याला कापायचा होता तो.

"हा डाग नाई," ती म्हणाली. "झेंडू हाय. हे पाह्य. अन् हे माहे दोन बोटं."

मी वाकलो. इतक्या वर्षांत तो फोटो मी हजारदा बघितला असेल, युसूफ, दरवेळी वरच बघत होतो. खाली, अगदी कडेला, वर उचललेला हार होता. धूसर, पण हार. तो धरलेली दोन बोटं, त्यांवर हळद. तो माझ्या गळ्यात पडायच्या आधीचा क्षण होता आणि त्याच्या बरोबर वर विमान.

तुला माहीत होतं. म्हणून तू तो कापू दिला नाहीस. म्हणून दर आठवड्याला, "वहिनीले एकदा दुकानात पाठव." सांगायचं नव्हतं तुला, दाखवायचं होतं. आणि मी हलकट, निरोप घरी पोचवताना दरवेळी वर आपली विमानाची एक गंमत जोडायचो, की ती आणखी चिडायची. तिथं तू मला गाठायला हवं होतंस. एक कानाखाली वाजवायला हवी होतीस. तेवढी तुझ्याकडं उधार राहिली.

भाभींनी चौकट आम्हाला दिली. आमच्या घरात लग्नाच्या फोटोची जागा भिंतीवर इतकी वर्षं रिकामीच होती; सुमननं दुसरं काही लावू दिलं नव्हतं. काल संध्याकाळी तिनं स्वतः खिळा ठोकला.

आज सकाळी तेच जमादार मासोळी घ्यायला आले होते. आता निवृत्त आहेत, डोळ्यांना जाड भिंगं. रोहू तोलून होईपर्यंत ओसरीत टेकले, आणि भिंतीकडं बघून खुसखुसले. "अरे दिवाकर, युसूफभाईची घार तू घरी आणली का?"

मी तोंड उघडलं. सवयीनं. मरळ, पोट, पायलट, मिशी, सगळं जिभेवर तयार होतं. पण सुमन तराजू ठेवून उठली होती.

"घार नाई, जमादारभाऊ," ती म्हणाली. "विमान हाय. माह्या लग्नाले आलं होतं. मी खाली उभी होती."

सुमन थाप मारत नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्याकडून तिनं तेवढं एक घेतलं नाही. जमादार उठले. चष्मा पुसला. चौकटीच्या इतक्या जवळ गेले की त्यांच्या श्वासानं काच धुरकटली, ती त्यांनीच बाहीनं पुसली, आणि मग बराच वेळ बोट हवेत धरून उभे राहिले.

"हाय ना जी," ते हळूच म्हणाले. "शेपूट दिसते."